व्हॅनमधला फ्रीज थंड होत नाही: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या वेळच्या टपालात कॅम्पर व्हॅनमधल्या फ्रीजविषयीची पत्रे सर्वाधिक निघाली. बहुतेकांची तक्रार एकच, फ्रीज थंड होत नाही ही. कारण मात्र प्रत्येकाकडे निराळे आहे. आणखी एक गोष्ट या पत्रांतून पुन्हा दिसली. ज्यांनी ‘फ्रीज बिघडला’ असे लिहिले आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांचा फ्रीज बिघडलेला नसून त्याला पुरेशी वीज किंवा पुरेशी हवा मिळत नाही. म्हणून नवा फ्रीज घेण्याआधी पुढची उत्तरे वाचावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उत्तरांआधी एक खुलासा करतो, नाहीतर एकाचा उपाय दुसरा आपल्या फ्रीजला लावू पाहील. व्हॅनमध्ये बसवले जाणारे फ्रीज मुख्यतः दोन जातींचे असतात. एक कंप्रेसरचा, घरातल्या फ्रीजच्याच तत्त्वावरचा, फक्त 12 किंवा 24 व्होल्टवर चालणारा. दुसरा ॲब्सॉर्प्शन, म्हणजे शोषणाच्या तत्त्वावरचा; त्यात कंप्रेसर नसतो आणि थंडावा निर्माण करण्यासाठी तो उष्णता वापरतो. ती उष्णता गॅसच्या ज्योतीची, घरगुती विजेवरच्या हीटरची किंवा 12 व्होल्टवरच्या हीटरची असते. फ्रीजला गॅसची नळी आलेली असेल तर तो या दुसऱ्या जातीचा समजावा. चालू असताना मंद घरघर ऐकू येत असेल आणि ती मधूनमधून थांबत असेल, तर तो कंप्रेसरचा.

प्रश्न: आमचा फ्रीज गॅस, घरची वीज आणि बॅटरी अशा तिन्हींवर चालतो. घरच्या विजेवर तो उत्तम थंड होतो, पण प्रवासात 12 व्होल्टवर घेतला की दुपारपर्यंत आतले दूध कोमट होते. एकदा रात्रभर बॅटरीवर ठेवला, तर सकाळी बॅटरी पूर्ण उतरलेली होती. हीटर बदलावा लागेल का?

हीटर बहुधा ठीक आहे. तो तपासायचाच असेल तर फ्यूज काढून, हीटरच्या दोन्ही तारा सोडवून, मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा. 140 वॅटच्या हीटरचा रोध 12 व्होल्टला सुमारे 1 ओम भरतो. मीटरने अनंत रोध दाखवला तरच हीटर तुटलेला आहे.

खरा संशय वायरींवर घ्यावा. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे व्होल्टेजमधली थोडी घटही थंडाव्यात मोठी दिसते. समजा, बॅटरीपासून फ्रीजपर्यंत सहा मीटर अंतर आहे आणि 1.5 चौरस मिलिमीटरची वायर टाकली आहे. जाऊन-येऊन बारा मीटर तांब्याचा रोध सुमारे 0.14 ओम होतो. त्या वायरीतच जवळपास दीड व्होल्ट खर्ची पडतात आणि 140 वॅटच्या हीटरला प्रत्यक्षात 108 वॅटच्या आसपास मिळतात. जवळजवळ पाव शक्ती वाटेतच गेली. तेथे 6 चौरस मिलिमीटरची वायर टाकली, तर हीच गळती 0.4 व्होल्टवर येते. म्हणून माप घ्यायचे ते बॅटरीवर नव्हे, तर फ्रीजच्या मागे, हीटरच्या टर्मिनलवर, आणि तेही हीटर चालू असताना. फ्रीज बंद ठेवून घेतलेले माप नेहमीच चांगले येते आणि नेहमीच फसवते. गंजलेली अर्थिंगची जोडणी, सैल फ्यूजधारक, काळपट पडलेला रिले (वीज आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) यांपैकी प्रत्येक जण थोडे थोडे व्होल्टेज खात असतो. चालू फ्रीजमध्ये ज्या जोडणीला हात लावल्यावर ती गरम लागते, तेथे चोर सापडला असे समजावे.

गाडी अलीकडची असेल तर आणखी एक कारण संभवते. इंधन वाचवण्यासाठी नव्या गाड्यांतले अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारी वीजजनित्रे, बॅटरी भरली की आपले व्होल्टेज मुद्दाम खाली आणतात. वायर कितीही जाड असली तरी मुळातच कमी असलेले व्होल्टेज पुढे वाढत नाही. अशा गाडीत व्होल्टेज उंचावून स्थिर ठेवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर मध्ये बसवणे हा योग्य उपाय आहे.

आता रात्रीच्या बॅटरीविषयी. ॲब्सॉर्प्शन फ्रीजचा 12 व्होल्टवरचा हीटर सुमारे 12 अँपिअर ओढतो आणि पुष्कळ जुन्या मॉडेलांत थर्मोस्टॅट या हीटरला बंदच करत नाही. तो अखंड तापत राहतो. 100 अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतून तिचे आयुष्य न घटवता निम्मीच वीज घ्यावी, असा संकेत आहे. म्हणजे चार तासांतच हिशेब संपतो. इंजिन चालू असतानाच वापरण्यासाठी ही सोय केलेली आहे, आणि तीही आधीच थंड झालेल्या फ्रीजमधला थंडावा टिकवण्यासाठी. निघण्याच्या आदल्या रात्री फ्रीज घरच्या विजेवर लावावा, आत ठेवायचे पदार्थ आधीच थंड करून घ्यावेत, आणि मुक्कामी पोहोचल्यावर गॅसवर किंवा मुक्कामाच्या विजेवर घ्यावा. इंजिन बंद होताच 12 व्होल्ट आपोआप तोडणारा रिले आपल्या गाडीत असायला हवा होता. तो एकतर बसवलेलाच नाही किंवा चिकटून बसला आहे. तो आधी पाहावा.

प्रश्न: डोंगरात उतारावर दोन दिवस मुक्काम केला. गॅसची ज्योत निळी आणि स्थिर होती, मागची चिमणीची नळी कडक तापत होती, तरी फ्रीज आतून जराही थंड झाला नाही. परत आल्यावर सपाट जागी तो पुन्हा चालू लागला. उतारामुळे असे होते का? आणि यात कायमचे नुकसान झाले असेल का?

होय, उतारामुळेच होते, आणि आपला प्रश्न या सगळ्या पत्रांत सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण या चुकीने खरोखरच फ्रीज मरतात.

या यंत्राची रचना समजली की कारण आपोआप उलगडते. 1922 मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयात शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ते घडवले, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. बंद नळ्यांमध्ये पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेले असतात. खालच्या बॉयलरमध्ये अमोनियाचे पाण्यातले द्रावण तापते, अमोनियाचे बुडबुडे एका अरुंद नळीतून वर चढतात आणि चढताना द्रावणाचे थेंब आपल्याबरोबर उचलून नेतात. या यंत्राचा पंप म्हणायचा तो एवढाच. वर गेलेली अमोनियाची वाफ फ्रीजच्या मागच्या, धातूच्या पट्ट्या लावलेल्या नळीत थंड होऊन द्रव बनते. तो द्रव फ्रीजच्या आतील नळीत उतरतो, तेथे त्याची गाठ हायड्रोजनशी पडते, अमोनियाचा आंशिक दाब एकदम घटतो, तो झपाट्याने पुन्हा वाफ होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता फ्रीजमधून शोषून घेतो. पुढे पाणी अमोनियाला पुन्हा विरघळवून घेते, हायड्रोजन मोकळा होऊन वर परततो आणि द्रावण बॉयलरकडे वाहत येते. हे परतणे केवळ गुरुत्वाकर्षणावर चालते. नळ्यांना दिलेला उतार अगदी थोडा असतो; गाडी कलली की कुठेतरी तो उतार उलटा होतो, द्रव तेथेच साचतो आणि फेरा तुटतो. ज्योत मात्र जळतच राहते. चिमणी तापलेली आणि आतले कप्पे कोमट, हे त्याचेच लक्षण होय.

धोका पुढे आहे. द्रावण परत न आल्यामुळे बॉयलर कोरडा पडून अतिशय तापतो. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून द्रावणात सोडियम क्रोमेट घातलेले असते. अति उष्णतेत ते घनरूपाने वेगळे होऊन त्या अरुंद नळीत साचते. ती नळी बुजली की ती पुन्हा मोकळी करण्याचा खात्रीचा मार्ग नाही. आपला फ्रीज सपाट जागी पुन्हा थंड झाला, म्हणजे यावेळी निभावले. परंतु हे नुकसान थोडे थोडे साठत जाते. दहा वेळा निभावते आणि अकराव्या वेळी निभावत नाही.

बहुतेक पुस्तिकांत कलण्याची मर्यादा सुमारे 3 अंश दिलेली असते, काही नव्या मॉडेलांत ती 6 अंशांपर्यंत आहे. डोळ्यांना हे कळत नाही. 3 अंश म्हणजे दोन मीटर लांबीत साधारण साडेदहा सेंटिमीटरचा फरक. गवंड्याची पाणसळ किंवा तिची लहान आवृत्ती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याच्या तळावर दोन्ही दिशांनी ठेवून पाहावी, आणि चाकांखाली पाचर घालून गाडी सरळ करावी. व्हॅनच्या जमिनीवर घेतलेले माप पुरेसे नाही, कारण फ्रीज तिच्याशी नेहमीच समांतर बसवलेला असतो असे नाही. प्रवासात घाटरस्ता आला तर काळजी नको. गाडी सतत हलत असल्याने द्रव एका जागी साचून राहत नाही. प्रश्न उभ्या गाडीचा आहे.

जुना, बंद पडलेला फ्रीज काढून काही तास उलटा ठेवावा म्हणजे तो पुन्हा चालू होतो, असा उपाय पुष्कळांकडून ऐकायला मिळतो. साचलेला द्रव हलून कधीकधी तो चालूही होतो. तथापि जळून घट्ट बसलेला क्रोमेटचा थर त्याने निघत नाही, आणि जुनी गंजलेली नळी या उलटापालटीत फुटण्याची भीती असते. मी हा उपाय सुचवत नाही. फ्रीजच्या मागे पिवळसर भुकटी किंवा डाग दिसला, अथवा डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा उग्र वास आला, तर नळी फुटली आहे असेच धरावे: ज्योत आणि हीटर बंद करावेत, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर यावे आणि त्यानंतर तो फ्रीज पुन्हा चालू करू नये. ही नळी घरी सांधता येत नाही. संपूर्ण शीतक संच बदलावा लागतो.

प्रश्न: गॅसवर ज्योत पेटते, पण नॉब सोडला की विझते. दहा वेळा प्रयत्न केल्यावर एकदा टिकते, आणि टिकली तरी ती पिवळट दिसते.

आपल्याकडे दोन दोष एकत्र आले आहेत. विझण्याचे कारण बहुधा थर्मोकपल. ज्योतीत धरलेल्या या धातूच्या टोकात तापल्यावर काही मिलिव्होल्ट एवढी अल्प वीज निर्माण होते आणि तिच्या जोरावर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली की वीज थांबते, झडप मिटते. ते तापायला वेळ लागतो, म्हणून नॉब किमान पंधरा सेकंद दाबून धरावा. तरीही टिकत नसेल तर टोक ज्योतीच्या आत येते आहे का, त्यावर काजळी आहे का आणि झडपेकडची जोडणी सैल झाली आहे का, हे पाहावे. फार दिवस बंद असलेल्या नळीत हवा भरलेली असते, ती निघेपर्यंत पहिले काही प्रयत्न वाया जातात. त्यात दोष काही नाही.

पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे. बर्नरच्या तोंडाशी गंजाचे कण आणि धूळ साचते, आणि कोळ्यांना ही जागा विलक्षण आवडते. एक बारीक जाळे ज्योत बिघडवायला पुरते. गॅस सिलिंडरवरच बंद करून, बर्नर गार झाल्यावर, तो मऊ ब्रशने साफ करावा. जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोटीत, सुई किंवा तार कधीही घालू नये, कारण ते छिद्र अतिशय सूक्ष्म मापाचे असते आणि किंचित रुंदावले तरी ज्योत कायमची बिघडते. जेट स्पिरिटमध्ये बुडवून ठेवावा, हवेने फुंकून वाळवावा, आणि छिद्र मोकळे होत नसेल तर नवा बसवावा. चिमणीत लोंबणारी पीळदार पट्टी काढून तिची काजळी झटकावी आणि ती पूर्वीच्याच उंचीवर परत टांगावी. प्रत्येक जोडणीवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिल्याशिवाय गॅस पेटवू नये. हे काम सवयीचे नसेल, तर गॅसच्या प्रशिक्षित कारागिराला बोलवावे. येथे धाडस करण्यासारखे काही नाही. पिवळ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. व्हॅनमध्ये त्याची सूचना देणारा गजर नसेल, तर फ्रीजआधी तो बसवावा.

थंडीत ज्योत क्षीण होत असेल, तर सिलिंडरमध्ये कोणता गॅस आहे हे विचारावे. ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळपास वाफ होणे थांबवतो, प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वाफ होत राहतो. आणि इंधन भरायला पंपावर जाण्यापूर्वी ही ज्योत विझवायची असते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

प्रश्न: आमचा फ्रीज कंप्रेसरचा आहे. साधारण दर मिनिटाला तो सुरू होण्याचा प्रयत्न करतो, ‘टक’ असा आवाज येतो आणि थांबतो. बॅटरीवर 12.4 व्होल्ट दिसतात. दुरुस्ती करणाऱ्याने कंप्रेसर गेला असे सांगितले आहे.

त्याने फ्रीजच्या टर्मिनलवर, सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी, व्होल्टेज मोजले का, हे कृपया विचारा. सुरू होताना कंप्रेसर क्षणभर जास्त प्रवाह ओढतो, बारीक किंवा गंजलेल्या वायरीत व्होल्टेज कोसळते, आणि बॅटरी वाचवण्यासाठी बसवलेले नियंत्रक लगेच माघार घेते. पुष्कळ नियंत्रकांत 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी मूळ मर्यादा 10.4 व्होल्टला बंद आणि 11.7 व्होल्टला पुन्हा चालू अशी असते. बॅटरीवर 12.4 आणि फ्रीजपाशी त्या क्षणाला 10, असे सहज घडते.

याची परीक्षा सोपी आहे. जाड आणि आखूड वायर घेऊन, मध्ये 15 अँपिअरचा फ्यूज घालून, फ्रीज थेट पूर्ण भरलेल्या बॅटरीला जोडावा. धन-ऋण उलटे होणार नाहीत याची दक्षता घ्यावी. फ्रीज चालू लागला, तर कंप्रेसर निर्दोष आहे आणि गाडीतली वायर बदलायची आहे. जाऊन-येऊन नव्हे तर एका दिशेचे अंतर धरून, चार मीटरपर्यंत 4 चौरस मिलिमीटर आणि सहा मीटरपर्यंत 6 चौरस मिलिमीटर हा साधारण नियम पाळावा. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून फ्रीज चालवणे टाळावे. त्या सॉकेटची पकड धक्क्यांनी सैल होते.

तरीही चालू न झाल्यास नियंत्रकाचा दिवा पाहावा. डॅनफॉसच्या, आता सेकॉप नावाने बनणाऱ्या बीडी मालिकेतील कंप्रेसरांच्या नियंत्रकाला असा दिवा जोडता येतो आणि तो चार-चार सेकंदांनी ठरावीक वेळा लुकलुकतो. एकदा लुकलुकला तर व्होल्टेज कमी, दोनदा तर पंखा प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो आहे, तीनदा तर मोटर सुरू होऊ शकत नाही, चारदा तर ती किमान वेग राखू शकत नाही, पाचदा तर नियंत्रक स्वतःच अति तापले आहे. दोनदाची खूण दिसली की पंख्याची तार सोडवून पाहावी. बिघडलेल्या पंख्यापायी चांगला कंप्रेसर बदलला जाण्यासारखे दुःख नाही. तीनदाची खूण दिसली तर फ्रीज दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवून, आतील दाब समान होऊ देऊन, पुन्हा चालू करावा.

कंप्रेसर अखंड चालतो, तरी आत थंडावा नाही, अशी स्थिती असती तर मात्र शीतक वायू गळाल्याचा संशय घ्यावा लागला असता. सांध्यांवर तेलकट डाग ही त्याची खूण. काही फ्रीजमध्ये आयसोब्यूटेन हा ज्वलनशील वायू असतो, त्यामुळे ते काम प्रशिक्षित माणसाचेच.

प्रश्न: थंडीच्या दिवसांत फ्रीज चांगला चालतो, पण उन्हाळ्यात दुपारी आत 14 अंश तापमान दिसते. थर्मोस्टॅट शेवटच्या आकड्यावर आहे.

फ्रीज आतली उष्णता मागच्या बाजूने बाहेर टाकतो. ती बाहेर जायला वाट नसेल तर थर्मोस्टॅट कुठेही फिरवला तरी उपयोग नाही. ॲब्सॉर्प्शन फ्रीज साधारणपणे बाहेरच्या तापमानापेक्षा 20 ते 25 अंश खाली जाऊ शकतो. इथे बाहेरचे तापमान म्हणजे फ्रीजच्या पाठीमागच्या हवेचे. सावलीत 34 अंश असले तरी उन्हात उभ्या व्हॅनच्या भिंतीआड, कोंडलेल्या जागेत, ते आणखी काही अंशांनी सहज चढते. मग आतले 14 अंश कुठून आले, हे वेगळे सांगायला नको.

खालच्या जाळीतून गार हवा आत यावी, नळ्यांना घासून वर जावी आणि वरच्या जाळीतून बाहेर पडावी, अशी रचना हवी. फ्रीजच्या पाठीमागे मोठी पोकळी सुटली असेल तर हवा नळ्यांना न शिवता मधूनच निघून जाते. तेथे वाकवलेला पत्रा लावून हवेला नळ्यांकडे वळवावे. वरच्या जाळीच्या वरती हवा साठणारा कोपरा राहिला असेल तर तोही बंद करावा. वाट नीट केल्यावरही भागत नसेल, तेव्हाच वरच्या बाजूला बाहेर फेकणारा छोटा 12 व्होल्टचा पंखा बसवावा. थंडीत जाळ्यांवर लावलेली आवरणे उन्हाळ्यात तशीच राहून गेल्याची उदाहरणे मी अनेकदा पाहिली आहेत, म्हणून ती आधी तपासा. गाडी उभी करताना जाळ्यांची बाजू सावलीत ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे आणि त्याने पडणारा फरक पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल.

दाराच्या रबराचीही परीक्षा घ्यावी: कागदाची पट्टी दारात धरून ओढली असता ती अडखळली पाहिजे, सरसर निघता कामा नये. चारही बाजूंना हे करावे, कारण रबर बहुधा बिजागरीच्या कोपऱ्यात आधी सैल होते. आतील पट्ट्यांवर बर्फाचा थर काही मिलिमीटरपेक्षा जाड झाला की तो वितळू द्यावा, सुरीने खरवडू नये. आणि तापमान मोजायचे ते हवेचे नको, कारण दार उघडताच ते बदलते. पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून रात्रभराने पाहावे. ते 5 अंशांच्या वर असेल, तर दूध, मांस आणि शिजवलेले अन्न त्यात साठवू नये.

प्रश्न: चार महिने व्हॅन उभी राहणार आहे. फ्रीज कसा ठेवावा?

बर्फ वितळवून, आतून पूर्ण पुसून कोरडा करावा, गॅस सिलिंडरवर बंद करावा, बॅटरीची तार सोडवावी आणि दाराची कडी उघड्या स्थितीत अडकवावी. बऱ्याच फ्रीजच्या कडीला त्यासाठी वेगळी खाच दिलेली असते. खाच नसेल तर दारात घडी घातलेला टॉवेल ठेवला तरी चालते.